दोन साचे, तीन साचे

मराठीतला 'कारभारी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. पेशवाईत राज्याचा गाडा हाकणारा तो कारभारी. आणि देशावरच्या बायका ज्याचे नाव तोंडाने घेत नसत, तो घरधनीही कारभारीच! नाना फडणीस आणि चुलीपुढे भाकरीची वाट पाहत बसलेला नवरा, या दोघांना एकाच पदावर बसवणारी आपली भाषा थोर खरी. इंग्रजीतल्या 'मॅनेजर'ची कुळकथा वेगळी. 'मॅनेज' हा शब्द इटालियनमधून आला, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ घोडा हाताळणे, त्याला चालीवर आणणे. मराठीने माणसांवर देखरेख करणारा गृहस्थ घरात पाहिला, इंग्रजीने तो तबेल्यात पाहिला, एवढाच फरक.

ही व्युत्पत्ती सांगण्याचे कारण, यंदा या सदरात मी एक जड विषय घेतला आहे. चकलीचा तुकडा तोंडात असताना व्यवस्थापनशास्त्राचा इतिहास वाचायचा म्हणजे वाचकांवर जुलूमच. पण वाचकहो, जरा धीर धरा. हे शास्त्र अमेरिकेत जन्मले आणि वातानुकूलित खोल्यांत वाढले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याचा एक मोठा धडा आपल्या परळ-लालबागच्या दीड-दोन मैलांत लिहिला गेला आहे. त्या साऱ्या शास्त्राच्या पोटात प्रश्न एकच आहे : काम कसे करावे, हे कोणी ठरवायचे? करणाऱ्याने, की करवून घेणाऱ्याने?

आपल्याकडे या विषयावरचा जुना आणि उत्तम ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र', अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातला आरमाराच्या लाकडाविषयीचा भाग मी वर्गात दरवर्षी शिकवते. आंबा-फणसाची लाकडेही आरमाराच्या कामाची आहेत. पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, असा तो दंडक आहे. राजाला झाड हवे असले तरी आधी धन्याला राजी करायचे! पुढच्या दोनशे वर्षांत कारखानदारांच्या शास्त्राला जे उमगायला फार वेळ लागला, ते हेच.

आता गिरणीत जाऊ. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली ताडदेवला तिचे यंत्र फिरू लागले. रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांची भाषा मालकाला येत नव्हती, मालकाची त्यांना येत नव्हती. इंग्रज मास्तरला तर दोघांचीही येत नव्हती. मग हजारो माणसांकडून काम करवून कसे घ्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे जॉबर, ज्याला मुकादमही म्हणत. माणूस भरती करायचा जॉबरने, शिकवायचा जॉबरने, साचा बिघडला तर नीट करायचा जॉबरने, आणि माणूस बिघडला तर हाकलायचा तोही जॉबरनेच. तोच गावाकडून आणी, तोच चाळीत खोली पाहून देई, अडीनडीला उसने पैसेही देई, आणि या साऱ्याची दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी आणि दस्तुरीत तीही मागे नव्हती. मालकाला गिरणीतली माणसे ठाऊक नव्हती, फक्त जॉबर ठाऊक होते. या पद्धतीचे कोणी पुस्तक लिहिले नाही. पण अर्ध्या शतकाहून जास्त काळ मुंबईचा कापडधंदा या न लिहिलेल्या शास्त्रावर चालला.

तिच्यावर लेखी टीका केली ती कोणा प्राध्यापकाने नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि काही काळ गिरणीत स्टोअरकीपर. त्यांनी १८८४ साली परळला गिरणीकामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय, तर आठवड्याला रविवारची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई. नीट वाचले तर हा कामगाराच्या बाजूने लिहिलेला व्यवस्थापनाचा आराखडाच आहे. विश्रांती, वेळेवर पैसे, अपघाताची जबाबदारी. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० साली मान्य केली. आपण आज रविवारी उशिरा उठून वर्तमानपत्र वाचतो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

या सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ हातात घड्याळ घेऊन उभे होते. फ्रेडरिक टेलर यांचा जन्म १८५६ सालचा, म्हणजे ताडदेवची गिरणी सुरू झाली त्याच वर्षीचा. टेलर यांचे म्हणणे असे, की प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम रीत असते. ती शोधायची साहेबाने आणि पाळायची कामगाराने. १८९९ साली बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात ४२ किलोंच्या आसपास वजनाच्या लोखंडी लगडी उचलून गाडीत भरण्याचे काम चाले. माणूस दिवसाला साडेबारा टन भरी. टेलर यांनी एकाला निवडले, उचल म्हटले की उचलायचे आणि बस म्हटले की बसायचे, असे बजावले, आणि त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले. मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट झाली. काम पावणेचार पटींहून जास्त, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त! टेलर यांनी १९११ सालच्या आपल्या पुस्तकात या मजुराचे वर्णन बैलबुद्धीचा असे केले आहे. मौज अशी, की हाच मनुष्य कामावर येण्याआधी आणि घरी गेल्यावर स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर स्वतःचे घर बांधत होता, हेही टेलरच सांगतात. ज्याला लगड कशी उचलावी हे कळत नाही, तो घर कसे बांधतो, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

टेलर यांची थट्टा करणे सोपे आहे. पण त्यांचे उपकारही मान्य केले पाहिजेत. त्यांच्यामुळे कामाकडे बारकाईने पाहायची सवय लागली. त्यांच्याच वाटेने गेलेल्या फ्रँक गिलब्रेथ यांनी वीट बसवण्याच्या अठरा हालचाली पाचांवर आणल्या. त्यांच्या पत्नी लिलियन या मानसशास्त्रज्ञ आणि बारा मुलांच्या आई. पतीच्या निधनानंतर त्यांनी तेच शास्त्र स्वयंपाकघरात नेले. ओट्याची उंची बाईच्या उंचीला जुळती हवी, रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी हव्यात, फेऱ्या कमी पडाव्यात. आपल्या गिरगावच्या खोलीतल्या आजीबाईंनी पाटावर बसल्या जागी तिखटमिठाचा डबा, पोळपाट आणि चिमटा हाताच्या टप्प्यात ठेवलेला असे, त्याचे नाव शास्त्र आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फ्रान्सच्या आंरी फायोल या खाणीतल्या इंजिनियरने १९१६ साली कारभाराची चौदा तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक असे, की एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. एकत्र कुटुंबात सासू, आजेसासू आणि थोरली जाऊ अशा तिघींच्या हाताखाली नांदलेल्या सुनेला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

टेलर यांचे घड्याळ मुंबईला पोचले ते १९२८ च्या सुमारास. त्या वेळी धंद्यात मंदी होती आणि जपानी कापड स्वस्त येत होते. ससून गटाच्या आणि आणखी काही गिरण्यांत 'एफिशियन्सी स्कीम' निघाली. गिरणीच्या भाषेत मागाला साचा म्हणतात आणि विणकामाच्या खात्याला साचेखाते. रीत अशी होती, की एका विणकराकडे दोन साचे. आता हुकूम निघाला, की तीन चालवा. सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा. मालकांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. लँकेशायरचा विणकर चार साचे चालवतो, मग मुंबईच्याने तीन का चालवू नयेत?

याचे उत्तर साचेखात्यातल्या कोणालाही विचारले असते तर मिळाले असते. लँकेशायरला सूत चांगले मिळे. आपल्याकडे आखूड धाग्याच्या कापसाचे, भेसळीचे सूत. ते वारंवार तुटे. धागा तुटला की साचा थांबवायचा, टोक शोधायचे, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. तिकडे दुसऱ्या साच्यावर धागा तुटलेला असतो आणि तिसऱ्यावर कापड खराब होऊ लागलेले असते. मजुरी नगावर, म्हणजे साचा थांबला की मजुरी थांबली. शिवाय खराब झालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची चाल होती. आणि दोघांचे काम एकाने केले तर उरलेल्याने जायचे कुठे, हा प्रश्न होताच.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. कितीतरी जण गावी गेले, दागिने गहाण पडले. त्याच संपात गिरणी कामगार युनियन जन्माला आली, डांगे पुढे आले. नामदार जोशीही वाटाघाटींत होते. मागण्या सतरा होत्या आणि त्यांत ही खराब कापडाचीही होती. या संपाकडे आपण पगाराचे आणि राजकारणाचे भांडण म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती. साच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला साच्याविषयी काही कळते, हेच त्या योजनेत गृहीत धरलेले नव्हते.

माझे वडील साचेखात्यात होते. गिरणीचे नाव महत्त्वाचे नाही. ऐंशी-नव्वद साच्यांच्या खडखडाटातून आपल्या साच्याचा आवाज त्यांना वेगळा ऐकू येई, आणि धोटा कुठे अडणार हे त्यांना थोडे आधी कळे. दसऱ्याला ते साच्याला झेंडूची माळ घालीत. एकदा त्यांनी खात्यातल्या साहेबाला सुचवले, की अमुक साच्यांची जोडी बदलली तर निम्मे चालणे वाचेल. साहेबाने विचारले, ''तू इंजिनियर आहेस का?'' वडिलांनी नंतर कधी काही सुचवले नाही. ही गोष्ट त्यांनी मला तीस वर्षांनी सांगितली, तेव्हाही त्यांचा आवाज बदलला होता. व्यवस्थापनाच्या साऱ्या सिद्धान्तांची किंमत मी अजूनही त्या एका प्रश्नावरून करते.

इकडे मुंबईत संप चालू असताना अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात एक निराळाच प्रयोग चालला होता. दिवे वाढवले तर काम वाढते का, हे पाहायला १९२४ साली सुरुवात झाली. दिवे वाढवले, काम वाढले; दिवे वाढवले नाहीत, तिथेही वाढले! मग काही मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवून त्यांना मधली सुट्टी दिली, त्यांचे म्हणणे विचारले, आणि उत्पादन चढत गेले. हार्वर्डच्या एल्टन मेयो यांनी निष्कर्ष काढला, की माणसाला मजुरीइतकीच माणुसकीची भूक असते. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर बऱ्याच शंका काढल्या. त्यातली एक हकिकत मला विशेष वाटते. त्या पाच मुलींपैकी दोघींना १९२८ च्या आरंभी खोलीतून बदलून टाकले, कारण त्या कामात फार बोलत होत्या. विचारायचे खरे, पण उत्तर मात्र आपल्याला आवडेल तेवढेच ऐकायचे!

माणुसकीची ही लाट आपल्याकडेही आली. रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरतीचा अधिकार काढून लेबर ऑफिसर नेमावेत असे सुचवले. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आली, म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून जॉबरची मर्जी राखण्याचे दिवस कमी झाले. पुढे कँटीन आले, पाळणाघर आले. हे सारे चांगले झाले. पण तिसरा साचा चालवायचा की नाही, हे कँटीनमधल्या चहावर ठरत नव्हते.

मग कोणी कामगाराला खरोखर विचारले का? विचारले, आणि तेही फार लांब नव्हे. मुंबई सेंट्रलला रात्री गाडीत बसले की सकाळी उतरता येते त्या अहमदाबादेत. कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित साचे आले होते. शास्त्राप्रमाणे कामाचे तुकडे केले होते. धागा जोडणारा वेगळा, कांडी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. साचे आधुनिक असूनही उत्पादन वाढेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी सुचवले, की माणसांना सुट्या कामांना न जुंपता काही साच्यांची पूर्ण जबाबदारी एका लहान गटावर टाकावी. गंमत पुढेच आहे. ही कल्पना कानावर पडताच कामगारांनी स्वतःच गट पाडले, कोण कोणाबरोबर हे स्वतःच ठरवले. उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. काही खात्यांत ही रीत बरीच वर्षे टिकली, काही ठिकाणी मोडली. पण जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अहमदाबादचे ते साचेखाते कायमचे जाऊन बसले.

१९६० साली डग्लस मॅग्रेगर यांनी या साऱ्या वादाचे सूत्र सोपे करून सांगितले. साहेब दोन प्रकारचे असतात. एकाला वाटते, माणूस मुळात कामचुकार आहे. दुसऱ्याला वाटते, संधी दिली तर माणूस आपणहून काम करतो. आणि साहेब जसे धरून चालतो, तशीच माणसे त्याला भेटतात. जपानच्या टोयोटा कारखान्यात तर साध्या कामगाराला काही बिघडलेले दिसले तर सारी कामाची ओळ थांबवता येते. ''तू इंजिनियर आहेस का'' असे तिथे विचारत नाहीत.

आपल्याकडे याचे सर्वांत जुने आणि अजून चालू असलेले उदाहरण दादर स्टेशनच्या पुलावर रोज सकाळी दिसते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेला डबेवाल्यांचा व्यवसाय. झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे, एवढ्यावर डबा घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी. हार्वर्डने २०१० साली त्यावर अभ्यासप्रकरण लिहिले, तेव्हा आम्हां मुंबईकरांना त्याचे मोल कळले. मला त्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. डबेवाल्यांच्या टोळीच्या प्रमुखालाही मुकादमच म्हणतात. पण हा मुकादम टोळीतलाच. डबे लावायला तो बसतो, कोणी आजारी पडला तर हातगाडीला हातही लावतो, आणि टोळीतले सारे मिळकतीचे वाटेकरी. गिरणीतला मुकादम आणि हा मुकादम यांत शब्दाचा फरक नाही, फक्त तो कोणाच्या बाजूला उभा आहे याचा आहे.

गिरण्यांची पुढची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडील परत साच्यापुढे उभे राहिले नाहीत. आज लोअर परळला त्या जमिनींवर काचेचे मनोरे आहेत. व्यवस्थापनाची पदवी घेतलेली मुले तिथे बसतात. त्यांपैकी कितीतरी गिरणीकामगारांचीच नातवंडे आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण माझ्या सकाळच्या वर्गात एक मुलगा मागच्या बाकावर पेंगतो. संध्याकाळी आणि रात्री तो दुचाकीवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. त्याला हुकूम देणारा साहेब नाही, जॉबर नाही. फोनमधले एक यंत्र आहे. ते मिनिटे मोजते, गुण देते, गुण कमी झाले की काम कमी देते. टेलर यांच्या घड्याळाला इतका आज्ञाधारक नातू मिळेल असे त्यांनाही वाटले नसेल. जुलैत हिंदमाताला पाणी भरले होते. यंत्राच्या नकाशात रस्ता मोकळा होता. मुलगा वळसा घालून गेला, उशीर झाला, गुण गेले. पाणी होते हे कळवायला त्या पडद्यावर जागाच नव्हती. कारणांच्या यादीत पाणी नव्हते. तो मला म्हणाला, ''मॅडम, भांडायला तरी समोर कोणी पाहिजे ना!''

जॉबर दस्तुरी खात असे, पण त्याच्या खोलीवर जाऊन भांडता येई. १९२८ साली दीड लाख माणसांना निदान कोणासमोर उभे राहायचे हे ठाऊक होते. दीडशे वर्षांत शास्त्र जॉबरपासून घड्याळापर्यंत, घड्याळापासून माणुसकीपर्यंत आणि माणुसकीपासून गटापर्यंत आले, आणि आता ते पुन्हा घड्याळाकडे निघाले आहे. यावेळी घड्याळ धरणारा हातही दिसत नाही. ज्या काचेच्या मनोऱ्यांत असली यंत्रे आखली जातात, तिथल्या तरुण मंडळींना माझे एवढेच सांगणे आहे, की यादीत एक रकाना मोकळा ठेवा. रस्त्यावरच्या माणसाला जे दिसते ते त्याला तिथे लिहू द्या, आणि लिहिलेले कोणीतरी वाचा.

शब्दकोशात साचा या शब्दाचे दोन अर्थ दिलेले असतात. एक, कापड विणण्याचे यंत्र. दुसरा, ज्यात घालून वस्तूला ठराविक आकार देतात ते पात्र. आमच्या लालबागच्या माणसांनी पहिला साचा आयुष्यभर चालवला. त्यांची तक्रार होती ती दुसऱ्या साच्याविषयी.